सनद आणि शील

गेल्या वर्षी ज्ञातीच्या विद्यार्थी साहाय्य निधीची सभा आटोपल्यावर एका पालकांनी मला बाजूस घेऊन विचारले, "गुरुजी, मुलावर मोर्चातील दंग्याचा खटला चालू आहे. उद्या शिक्षा झाली, तर वकिलीचे दार कायमचे बंदच ना?" मी कायदेपंडित नव्हे; जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. म्हणून उत्तर शोधण्यास इतिहासाकडेच वळलो.

इंग्रजी अमदानीत सन १८७९ च्या कायद्याने, वकिलास फौजदारी शिक्षा झाल्यास त्याची सनद तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार हायकोर्टास दिला. परंतु त्या गुन्ह्यातून, धंद्यास अपात्र ठरविणारा शीलाचा दोष दिसला पाहिजे, अशी अट होती. केवळ शिक्षा पुरेशी नव्हती.

बॅरिस्टरांची व्यवस्था निराळी. त्यांची नावे लंडन येथील 'इन' नामक संस्थांच्या पटावर असत. महात्मा गांधी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. गांधीजींनी गुन्हा आपण होऊन कबूल केला. लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचा दाखला देऊन न्यायाधीशांनी त्यांना सहा वर्षांची साधी कैद दिली. मात्र राजकीय विरोधकही यांना उदात्त चारित्र्याचे पुरुष मानतात, हे त्याच निकालात मान्य केले. तरीही १० नोव्हेंबर १९२२ रोजी, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असता, इनर टेंपलने त्यांचे नाव पटावरून काढले. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशास जे शील दिसले, ते संस्थेने विचारात घेतले नाही. नाव पुन्हा पटावर आले ते १९८८ मध्ये, महात्माजींच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी!

स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टात हा विवेक पुन्हा दिसतो. कलम २४-अ अन्वये नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास सनद मिळत नाही. परंतु सुटकेनंतर दोन वर्षे लोटली की ही अपात्रता सरते. सनद मिळालेल्या वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी कलम ३५ खाली बार कौन्सिलची शिस्तपालन समिती करते. ती समज देऊ शकते, वकिली काही काळ तहकूब करू शकते, अथवा नाव पटावरून कायमचे काढू शकते. त्यावर भारतीय बार कौन्सिलकडे व पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे अपील चालते.

याचा अर्थ कायदा ढिला आहे, असा कोणी करू नये. अशील आपली जमीन, अब्रू आणि कधी प्राणही वकिलाच्या हाती सोपवितो. अशिलाच्या पैशास हात लावणारा अथवा खोटा दस्त रचणारा मनुष्य त्या पदास शोभत नाही. तो आपल्या ज्ञातीचा असला तरीही नाही.

त्या पालकांना मी एवढेच सांगितले, "दार कायमचे बंद होईलच असे नाही. गुन्हा कोणत्या स्वरूपाचा, हे पाहिले जाईल. मात्र सनदेच्या अर्जात काही लपवू देऊ नका. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून मिळविलेली सनद मागाहूनही काढून घेता येते." खटल्याचा निकाल न्यायालयाच्या हाती आहे, खरे बोलणे मात्र मुलाच्या हाती आहे. त्याला ते शिकविणे, हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम होय.