जंतूच्या पोटात पेटणारा दिवा

मागच्या बैठकीत गोळ्यांचा विषय निघाला. “तीन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या पुढच्या वेळेला ठेवल्या,” असं आमच्यातल्या बऱ्याचजणींनी कबूल केलं. अशा मनानेच घेतलेल्या गोळ्यांना जंतू सरावतात. मग लघवीच्या जळजळीवर पूर्वी लागू पडणारी गोळी आता पडत नाही. म्हणून आज एका वेगळ्याच जातीच्या जंतुनाशकाचा इतिहास सांगतो.

रुथेनियम नावाचा एक धातू आहे. रशियातल्या कझानमध्ये कार्ल क्लाउस यांनी 1844 साली तो प्लॅटिनमच्या खनिजातून वेगळा काढला. त्याचं मीठ आणि फेनँथ्रोलीन नावाचा पदार्थ एकत्र तापवला, की धातूच्या एका अणूला तीन रेणू घट्ट बिलगतात आणि नारिंगी-लाल संयुग तयार होतं. हळदीत चुना पडल्यावर कुंकवाचा रंग येतो ना, तसा इथेही रंग पालटतो. क्रिया मात्र निराळी.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत फ्रान्सिस ड्वायर आणि एलिओनोरा ग्यार्फाश अशी संयुगं बनवत होते. सजीवांवर त्यांचा काय परिणाम होतो, यावर 1952 मध्ये आणखी दोघांसह त्यांचा लेख आला. ग्यार्फाशबाईंचं नाव आज रसायनशास्त्राबाहेर कुणाला ठाऊक असेल, असं वाटत नाही. ड्वायर 1962 मध्ये वारले. जंतूंची वाढ ही संयुगं रोखतात, हे सविस्तर काम त्यांच्याही नावासह 1969 मध्ये छापलं गेलं. पण दोन अडचणी होत्या. टोचल्यावर उंदरांचे स्नायू लुळे पडत. आणि इ. कोलायसारख्या दुहेरी आवरणाच्या जंतूंवर त्यांचा जोर कमी पडे. शिवाय पेनिसिलिन आणि त्याची भावंडं तेव्हा छान काम करत होती, मग धातूच्या वाटेला कोण जाणार?

लघवीच्या संसर्गात सगळ्यात जास्त सापडतो तो हाच इ. कोलाय.

पुढे इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात जिम थॉमस यांच्या हाताखाली किर्स्टी स्मिटन ही मुलगी पीएचडी करत होती. त्यांनी एका रेणूत दोन रुथेनियम अणू जोडले. औषधांना दाद न देणारा इ. कोलायही प्रयोगशाळेत त्याने मेला. 2019 मध्ये हे जाहीर झालं. आम्हाला यातली खरी गंमत वाटते ती अशी, की या संयुगावर प्रकाश टाकला की ते स्वतः चमकतं. साध्या औषधाच्या बाबतीत ते जंतूत शिरलं की नाही, हे आडवळणाने शोधावं लागतं. इथे सूक्ष्मदर्शकाखाली औषध आवरणाशी पोचलं, आत गेलं, हे डोळ्यांना दिसतं. लपाछपीत राज्य घेणाऱ्याच्या हातात बॅटरी दिल्यासारखं!

किर्स्टीने या कामातून औषध बाजारात आणण्यासाठी कंपनीही काढली. 2023 मध्ये, वयाच्या 29व्या वर्षी, हृदयाच्या दुर्मीळ कर्करोगाने ती गेली. ते औषध अजून कुठल्या दुकानात आलेलं नाही.