गॅस गेला कुठे?

घरातला फ्रीज गार करीनासा झाला की तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक येतो. मागची नळी चाचपून पाहतो, 'गॅस गेलाय' म्हणतो, नवा भरतो, पैसे घेतो आणि जातो. गेलेला गॅस गेला कुठे, हे आपण त्याला विचारीत नाही. विचारले तर तो हसेल. हवेत गेला, आणखी कुठे जाणार? श्रोतेहो, आज ज्या माणसाची हकीकत मी सांगणार आहे, त्याने १९७३ साली हाच प्रश्न विचारला होता, आणि हवेत गेला एवढ्या उत्तरावर त्याचे समाधान झाले नव्हते.

या माणसाचे नाव मारिओ मोलिना. जन्म १९ मार्च १९४३, मेक्सिको सिटीचा. वडील वकील, पुढे ते परदेशांत मेक्सिकोचे राजदूतही झाले. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. पोराच्या हातात एक खेळण्यातला सूक्ष्मदर्शक पडला आणि त्याला पाण्याच्या थेंबात अमीबा वळवळताना दिसला. तेवढ्याने त्याला जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही. घरात एक न्हाणीघर फारसे कोणी वापरीत नसे. त्याची त्याने प्रयोगशाळा करून टाकली. त्याची एक आत्या, एस्तेर, स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती. ती भाच्याला हसली नाही, रागावली नाही. त्याच्याबरोबर बसून मोठ्या विद्यार्थ्यांचे प्रयोग त्याच्याकडून करून घेऊ लागली. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना मी मुद्दाम विचारतो, अशी आत्या आपल्या गावातल्या किती मुलांना मिळते?

अकराव्या वर्षी त्याला शिकायला स्वित्झर्लंडला धाडले. तिकडची मुले शास्त्राची मोठी शौकीन असतील अशी त्याची कल्पना. पाहतो तो काय, तिकडचे सोबतीही इकडच्यासारखेच! शास्त्रात कोणालाच गोडी नव्हती. असो. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात तो रासायनिक अभियांत्रिकी शिकला, काही काळ जर्मनीत राहिला आणि १९६८ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे डॉक्टरेटसाठी दाखल झाला.

ते दिवस मोठे धामधुमीचे होते. व्हिएतनामच्या युद्धावरून अमेरिकेतली कॉलेजे पेटली होती. मोलिना लेसर किरणांवर काम करीत होता. अशाच किरणांपासून दुसरीकडे शस्त्रे बनविण्याची खटपट चालू आहे हे त्याला कळले, तेव्हा तो अस्वस्थ झाला. आपले शास्त्र माणसाच्या काही उपयोगी पडावे, निदान त्याच्या जिवावर उठू नये, असे त्याच्या मनाने घेतले. मला वाटते, त्याच्या जाणिवेची पहिली पायरी ही. पृथ्वीचा विचार अजून कोसभर दूर होता.

१९७२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. पदवी हाती आली तरी उमेदवारी चालूच होती. १९७३ च्या शेवटी शेवटी तो कॅलिफोर्नियातच अर्व्हाइन येथे शेरवुड रोलंड या प्राध्यापकांकडे गेला. रोलंडसाहेबांनी त्याच्यापुढे संशोधनाच्या विषयांची एक यादी ठेवली आणि यातला तुला हवा तो घे म्हणाले. त्याने नेमका असा विषय उचलला की ज्याचा अभ्यास ना त्याचा होता, ना गुरुजींचा. विषय हाच, फ्रीजमधला तो वायू हवेत सुटल्यावर त्याचे पुढे काय होते?

आता या वायूची कुळकथा थोडी सांगायला हवी. पूर्वीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, गंधकाचा वायू असले पदार्थ असत. नळी फुटली की घरातली माणसे दगावत. यावर उपाय म्हणून १९२८ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिजली या रसायनज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन या जातीचे वायू पुढे आणले. नाव लांबलचक आहे. आपण सीएफसी म्हणू. हे वायू पेटत नाहीत, विषारी नाहीत, कशाशी संयोग पावत नाहीत. मिजलीने १९३० मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. टाळ्या पडल्याच असतील! पुढे तो फ्रीजमध्ये गेला, वातानुकूलन यंत्रांत गेला, फवाऱ्याच्या डब्यांत गेला, गादीच्या फोममध्ये गेला. वर्षाला लाखो टन तयार होऊ लागला. बनवलेला माल आज ना उद्या हवेत सुटणारच.

१९७१-७२ मध्ये जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजातून अंटार्क्टिकापर्यंतच्या सफरीत हवा तपासली, तर भर समुद्रावरही हा वायू सापडला. प्रमाण अगदी नगण्य. त्यापासून काही धोका असेल असे त्यांना त्या वेळी वाटले नाही, आणि तसे त्यांनी लिहिलेही. एवढा शहाणा माणूस, पण पुढचा प्रश्न त्याच्या हातून निसटला.

मोलिनाने तो धरला. सुरुवातीचे काम मोठे नीरस होते. पाऊस हा वायू धुऊन काढतो का? नाही, तो पाण्यात विरघळतच नाही. समुद्र त्याला पोटात घेतो का? नाही म्हटले तरी चालेल. दुसऱ्या कशाशी संयोग होऊन तो मोडतो का? नाही. जमिनीलगतच्या हवेत त्याला मारणारे कोणी नव्हते. ज्या गुणासाठी त्याला बनवले, तोच गुण आता आडवा आला. मग तो वर्षानुवर्षे तरंगत वर वर जाणार आणि शेवटी इतक्या उंचीवर पोचणार, जिथे सूर्याचे प्रखर अतिनील किरण त्याचा रेणू फोडतील. म्हणजे एकदाचा निकाल लागला! दुसरा एखादा इथेच वही मिटता.

पण रेणू फुटला म्हणजे त्यातला क्लोरीन मोकळा झाला. तो काय करील? त्या उंचीवर ओझोनचा थर आहे. सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडी भरेल, पण सूर्याचे घातक किरण तोच अडवतो. तो नसता तर उघड्या जमिनीवर पीक आणि माणूस टिकणे कठीण होते. क्लोरीनचा अणू या ओझोनला मोडतो आणि स्वतः पुन्हा जसाच्या तसा मोकळा होतो. गावात दोन घरांत तंटा लावून स्वतः नामानिराळा राहणारा आणि लगेच तिसऱ्या घरी जाणारा मनुष्य तुम्ही पाहिला असेल, तसाच हा. एकेक अणू असे हजारो, कदाचित लाखभर रेणू मोडू शकतो. मोलिनाने कारखान्यांतल्या उत्पादनाचे आकडे घेतले, हिशेब मांडला आणि तो चरकला. आकडेमोड चुकली असेल म्हणून गुरुशिष्यांनी ती पुन्हा तपासली. डिसेंबर १९७३ मध्ये बर्कलीला जाऊन हॅरल्ड जॉन्स्टन या जाणकारांना दाखवली. चूक सापडली नाही. काम सुरू होऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

२८ जून १९७४ रोजी हा निबंध 'नेचर' या साप्ताहिकात छापला गेला. प्रथम फारशी कोणी दखल घेतली नाही. तेव्हा दोघांनी एक गोष्ट केली, जी त्या काळचे शास्त्रज्ञ सहसा करीत नसत. ते वर्तमानपत्रांकडे गेले, कायदेमंडळाच्या समित्यांपुढे उभे राहिले आणि हे वायू बंद करा म्हणाले. कारखानदार खवळले. हा नुसता तर्क आहे, ओझोन कमी झालेला कोणी पाहिला आहे का, असा त्यांचा सवाल. आणि खरे सांगायचे तर पाहिलेला नव्हताच. मोलिनाचे वय तेव्हा एकतीस, पक्की नोकरी नाही, देश परका. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो की नाही, याची मला शंका आहे. १९७८ मध्ये अमेरिकेने फवाऱ्याच्या डब्यांतला बहुतेक वापर बंद केला, इतकेच. बाकीचे कारखाने चालू राहिले.

पुरावा आला तो भलतीकडून. अंटार्क्टिकावर हॅली या ठिकाणी ब्रिटिशांचे एक ठाणे आहे. १९५६ पासून तिथली माणसे थंडीवाऱ्यात ओझोन मोजून वह्यांत आकडे लिहीत होती. त्याच काळात आपल्या पुण्याच्या हवामान खात्यात अ‍ॅना मणी या विदुषी हवामानाची उपकरणे देशातच बनवण्याच्या मागे होत्या. फुग्याबरोबर आकाशात सोडून ओझोन मोजणारे भारतीय उपकरणही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. अशा कामाला त्या वेळी कोणी विचारीत नव्हते. तर हॅलीच्या साचलेल्या वह्यांचे काम जोनाथन शँकलिन या तरुणाकडे आले होते. संस्था लोकांना पाहायला खुली ठेवायची होती, तेव्हा ओझोन पूर्वीइतकाच आहे, घाबरू नका, असे दाखवणारा तक्ता करावा असा त्याचा बेत. आकडे शेजारी मांडले, तर ते दरवर्षी खाली घसरत होते! फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध मे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आश्विन-कार्तिकात, म्हणजे तिकडच्या वसंतात, ओझोन पूर्वीच्या मानाने तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त घटला होता. मोलिनाच्या हिशेबातही इतकी घट नव्हती.

मग मात्र चक्रे फिरली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. भारताने लगेच सही केली नाही. आपले म्हणणे असे, की वायू उधळला श्रीमंत देशांनी, आमच्या खेड्यात अजून फ्रीज पोचलेला नाही, मग भुर्दंड आम्हांला का? हे म्हणणे मला तेव्हाही रास्त वाटते आणि आजही. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत गरीब देशांना मदत देणारा निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. २००८ मध्ये आपल्याकडे सीएफसीचे उत्पादन बंद झाले. त्याच्या जागी जे वायू आले त्यांतले पुष्कळसे ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वीला तापवणारे निघाले. तेही कमी करण्याचा निर्णय २०१६ मध्ये किगाली येथे घ्यावा लागला. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जन्म देते ते असे.

मोलिना, रोलंड आणि त्यांच्या आधी ओझोनवर काम केलेले पॉल क्रुटझन या तिघांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वाट्याच्या रकमेतला मोठा भाग मोलिना यांनी गरीब देशांतल्या तरुण संशोधकांना पर्यावरणाचा अभ्यास करता यावा म्हणून देऊन टाकला. ७ ऑक्टोबर २०२० रोजी मेक्सिको सिटीतच ते वारले.

ते ज्या वर्षी अर्व्हाइनला गेले, त्या वर्षी फवाऱ्याच्या डब्यातून सुटलेला वायू अजून पुरता संपलेला नाही. यातल्या एका जातीला विरायला शंभर वर्षे लागतात. अंटार्क्टिकावरचा थर १९८० इतका भरून यायला २०६६ साल उजाडेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज तुमच्या शाळेत तिसरीत बसलेले मूल तेव्हा पन्नाशीच्या घरात असेल.