मूठभर ज्वारी : आपल्या शाळेतील सेवाकार्याचा मागोवा

शाळेतील सेवाकार्याचा इतिहास लिहावा, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचवले. स्पर्धांच्या ढाली कार्यालयात आहेत, गुणवंतांचे फलक भिंतीवर आहेत. सेवेची नोंद मात्र सहसा कुठे होत नाही. म्हणून मी जे पाहिले, तेच त्या काळाच्या संदर्भासह मांडतो.

आपल्या भागातील मुलांना सेवेचा पहिला धडा वारीने दिला. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेली पालखी बारामतीला मुक्कामी येते. पुढे काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्वांचे, आणि सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सोहळा सराटीला नीराकाठी पोचतो. त्या दिवशी आपले वर्ग म्हणजे वारकऱ्यांची ओसरी. आम्ही आदल्या दिवशी बाके हलवायचो, फरशी धुवायचो, रांजण भरायचो. मराठवाड्यातल्या दिंड्यांतली बोली आणि सीमाभागातून आलेल्या वारकऱ्यांचे कानडी वळणाचे मराठी आम्ही पहिल्यांदा तिथेच ऐकले. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा तो महाराष्ट्र जास्त लक्षात राहिला.

शिस्त आली ती स्काउट-गाइडमुळे. देशातील निरनिराळ्या स्काउट संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र येऊन भारत स्काउट आणि गाइड ही संस्था झाली. तिच्या ‘खरी कमाई’ उपक्रमात मुलांनी अंगमेहनतीने चार पैसे मिळवायचे असत. सायकली पुसणे, बागेला पाणी घालणे, पिशव्या पोचवणे अशी कामे आम्ही करत असू. घरून मागून आणलेला रुपया त्यात चालत नसे. देणगी आणि श्रम यांतला फरक तेव्हा कळला. दुसरीकडे साने गुरुजींचा संस्कार होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ साली उपोषण केले होते. आमचे मराठीचे सर ती हकिकत पालखीच्या आदल्या दिवशी आवर्जून सांगत. पाणी वाढणाऱ्या रांगेत सगळ्या आळ्यांतली मुले असलीच पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता.

खरी कसोटी लागली ती १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा आठवीत होतो. नीरेच्या डाव्या कालव्याने आपल्या तालुक्याचे दोन भाग केले आहेत : कालव्याखालची बागायत आणि सुपे, मोरगाव, उंडवडीकडची जिरायत. आमच्या वर्गात दोन्हीकडची मुले एकाच बाकावर बसत. एकाच्या घरी ऊस, तर दुसऱ्याचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला. गावोगाव मिलो आणि सुकडी हेच शब्द ऐकू येत.

शाळेने ‘मूठभर धान्य’ योजना काढली. दर शनिवारी प्रत्येकाने घरून मूठभर ज्वारी आणायची. पोती भरू लागली. मग प्रार्थनेनंतर गरजू मुलांची नावे पुकारून धान्य द्यायला सुरुवात झाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे नाव पहिल्याच शनिवारी पुकारले गेले. तो पुढे गेला, पिशवी घेतली आणि नंतर आठवडाभर शाळेत आला नाही. सर सायकलवरून त्याच्या वस्तीवर गेले. त्याचे वडील एवढेच म्हणाले, “पोरगं उपाशी राहील सर, पण चारचौघांत नाव नका घेऊ.”

पुढच्या शनिवारपासून नावे बंद झाली. सगळी ज्वारी वसतिगृहाच्या कोठीत जाऊ लागली, आणि दुपारची भाकरी ज्याला हवी त्याने तिथे खावी असे ठरले. बागायतदारांची मुलेही मुद्दाम तिथेच जेवत. कोण देणारा, कोण घेणारा, हे ताटावरून ओळखता येईना. माझ्या मते आपल्या शाळेच्या सेवाकार्यातला हा सर्वांत मोठा दिवस. त्याची ढाल कुठेही नाही.

पुढे महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना भेटली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. १९७३ मध्ये तिच्या शिबिरांचा विषयच दुष्काळाविरुद्ध युवक असा होता. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे तिचे बोधवाक्य वाचताना मला वसतिगृहाची कोठी आठवे. उजनीच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी गावे गेली, तेव्हा विस्थापितांची मुले नव्या शाळांत आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या मुलांनी कपडे आणि भांडी गोळा केली. कपडे धुऊन, बटणे लावूनच पाठवायचे, हा नियम नंतरच्या पिढीने स्वतःहून केला. आता मुले निर्मल वारीत पत्रावळ्या उचलतात, झाडे लावतात. काम थांबलेले नाही, याचा आनंद आहे.

काळजी एकाच गोष्टीची वाटते. आता मदतीआधी कॅमेरा निघतो. या स्नेहमेळाव्यात जमलेल्या निधीतून गरजू विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बोलावून वह्या आणि सायकली द्याव्यात, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण माझी सर्व बॅचच्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे, की हा निधी मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा, सायकली शाळेच्या नावाने घ्याव्यात आणि लांबून येणाऱ्या कुणालाही त्या वर्षभर वापरता याव्यात. व्यासपीठावर हिशेब वाचावा, नावे वाचू नयेत.

त्या आठवड्यानंतर शाळेत परतलेला माझा बाकमित्र दहावी झाला, नोकरीला लागला, आणि यंदाच्या निधीत त्याचाही वाटा आहे. त्याने पावतीवर नाव घातलेले नाही. म्हणून मीही इथे घालत नाही.