गेलेल्या खेळाडूंचा डाव



गावच्या पारावर संध्याकाळी चार माणसे बसली, की एक वाद हमखास निघतो. म्हातारा म्हणतो, "गामा पहिलवानापुढे आजचा एकही मल्ल टिकायचा नाही." तरणा म्हणतो, "आजोबा, तुमच्या वेळी हे गादीवरचे डाव कुठे होते?" वाद रंगतो, चहा निवून जातो, आणि निकाल काही लागत नाही. लागणार तरी कसा? एक कधीच देवाघरी गेला, दुसरा तेव्हा जन्मलाही नव्हता. दोघांची गाठ घालायची कोणी?

अमेरिकेतल्या लोकांनी ही गाठ घालण्याची एक युक्ती काढली. तीही कुस्तीत नव्हे, त्यांच्या बेसबॉलच्या खेळात. त्या युक्तीची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. वरवर पाहता ती पोरखेळाची वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका. गोष्ट खेळापाशी सुरू होते आणि न्यायापाशी जाऊन थांबते.

बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा ना. एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्याने तो टोलावतो आणि चार ठाण्यांना वळसा घालून परत येतो. तो परत आला की एक धाव. चेंडू मैदानाबाहेर भिरकावला तर त्याला म्हणतात होमरन, म्हणजे आपला षटकारच.

या खेळाला हिशेबाची गोडी लावली ती हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने. १८२४ मध्ये इंग्लंडात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच अमेरिकेत आला आणि पुढे वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. बेसबॉल पाहिल्यावर त्याच्या मनात आले, की क्रिकेटला धावफलक आहे, तर या खेळाला का नसावा? १८५९ च्या सुमारास त्याने सामन्याचा आटोपशीर तक्ता वृत्तपत्रात छापायला सुरुवात केली. कोण किती वेळा फलंदाजीस आला, किती फटके मारले, किती चुका केल्या, सगळे चार बोटांच्या जागेत. ती पद्धत रुजली. वर्षानुवर्षे तक्ते छापले गेले, कोणी ते जपले, कोणी त्यांच्या बेरजा मांडल्या.

आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आले, की एवढे आकडे आहेतच, तर त्यांच्यावरून खेळाडू पुन्हा मैदानात उभा का करू नये? मैदान कागदाचे असेना का!

१९३० च्या सुमारास क्लिफर्ड व्हॅन बीक याने पत्ते आणि फासे घेऊन असा खेळ विकायला काढला. १९४१ मध्ये ईथन ॲलन या निवृत्त खेळाडूने दुसरी तऱ्हा आणली. प्रत्येक खेळाडूची पुठ्ठ्याची एक गोल चकती. चकतीवर लहानमोठे भाग पाडलेले. जो खेळाडू फार होमरन मारी त्याच्या चकतीवर होमरनचा भाग रुंद, जो क्वचित मारी त्याचा चिंचोळा. मधला काटा फिरवायचा आणि तो थांबेल तो निकाल. १९५१ मध्ये रिचर्ड साइट्झ याने पेनसिल्व्हेनियातून आपला पत्त्यांचा खेळ टपालाने विकायला सुरुवात केली. आणि १९६१ मध्ये आला हॅल रिचमन याचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'.

हा रिचमन अकरा वर्षांचा असल्यापासून घरी बसून फासे टाकी आणि कोणती बेरीज किती वेळा पडते ते लिहून ठेवी. गुरुजनहो, इथे जरा थांबा, कारण यात वर्गात शिकवण्याजोगा धडा आहे. दोन फासे टाकले तर ३६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांत सातची बेरीज ६ तऱ्हांनी येते, पण दोन किंवा बारा एकेकाच तऱ्हेने. म्हणजे खेळाडूच्या पत्त्यावर सातच्या ओळीत होमरन लिहिला तर तो वारंवार घडेल. बाराच्या ओळीत लिहिला तर क्वचित. हेच ओळखून रिचमनने पत्ते आखले. त्याच्या खेळात तीन फासे. एका वेगळ्या रंगाच्या फाशावर १, २ किंवा ३ पडले तर फलंदाजाचा पत्ता वाचायचा. ४, ५ किंवा ६ पडले तर चेंडू फेकणाऱ्याचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज सांगेल ती ओळ पाहायची. दोघांचेही कसब त्यात आले आणि नशिबालाही थोडी जागा राहिली.

आता जुने खेळाडू एकत्र कसे आणतात ते ऐका. आपली मुले हुतुतूला भिडू वाटून घेतात ना, अगदी तसेच. आठ-दहा मित्र टेबलाभोवती बसतात. पाळीपाळीने एकेक जण शंभर वर्षांतला कोणताही खेळाडू उचलतो. पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी, त्याला दुसऱ्या फेरीत पहिला मान. म्हणजे कोणावर अन्याय नको. कोणी बेब रूथला उचलतो. त्याने १९२७ साली एका मोसमात ६० होमरन मारले होते. कोणी टाय कॉबला घेतो, कोणी वॉल्टर जॉन्सनला, ज्याच्या नावावर ४१७ विजय आहेत. मग फासे खुळखुळतात आणि जे आयुष्यात कधी समोरासमोर आले नाहीत ते झुंजू लागतात. १९६१ मध्ये जॉन बर्गसन याने हेच काम संगणकाला शिकवले. पन्नास जुन्या खेळाडूंतून संघ निवडायचा आणि यंत्राने सामना खेळून दाखवायचा. पुढे घरोघरी संगणक आले आणि खेळ त्यांच्यावर गेला. पण मूळ कल्पना तीच राहिली.

तुम्ही म्हणाल, वा, पारावरचा वाद मिटला! पण मंडळी, इथेच खरी मेख आहे. पत्ता काढायचा तर आकडे हवेत. ज्याचे आकडे लिहिलेच नाहीत त्याचा पत्ता कोण काढणार? आणि ज्याचा पत्ता नाही, त्याला भिडू म्हणून कोण उचलणार?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या मोठ्या संघांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद केले. तसा लेखी नियम नव्हता. पण न लिहिलेला नियम कधी कधी लिहिलेल्याहून पक्का असतो, हे आपल्याला का सांगायला हवे? तेव्हा त्या लोकांनी आपले संघ उभे केले. १९२० मध्ये कॅन्सस सिटी इथे रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने त्यांची संघटना स्थापन झाली. त्या काळच्या शब्दांत तिला नीग्रो नॅशनल लीग म्हणत. मैदान भाड्याचे, प्रवास मोटारीचा, आणि मुक्कामाच्या गावी हॉटेलात जागा मिळेलच असे नाही. तरी खेळ असा की पाहणारा थक्क व्हावा.

त्यांत जॉश गिब्सन नावाचा एक भीमकाय खेळाडू होता. त्याच्या फटक्यांच्या दंतकथा झाल्या, पण मोठ्या संघांचे दार काही त्याच्यासाठी उघडले नाही. १९४७ च्या जानेवारीत, अवघ्या ३५ व्या वर्षी, तो वारला. पुढे तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मोठ्या संघाकडून मैदानात पाऊल टाकले. तीन महिने, श्रोतेहो!

या खेळाडूंचे तक्ते अधिकृत दप्तरात नव्हते, म्हणून ते पत्त्यांच्या खेळातही नव्हते. शंभर वर्षांतले श्रेष्ठ भिडू निवडायला बसावे, आणि त्यांतले कित्येक श्रेष्ठ घरातच नसावेत, असा तो प्रकार.

मग काही चिकाटीची माणसे पुढे झाली. कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या 'पिट्सबर्ग कूरियर', 'शिकागो डिफेंडर' अशा साप्ताहिकांच्या जुन्या अंकांत त्या सामन्यांचे तक्ते छापलेले होते. ते अंक एकेक करून चाळायचे, आकडे उतरून घ्यायचे, एकाच सामन्याच्या दोन बातम्या पडताळायच्या. हे काम वर्ष-दोन वर्षांचे नव्हे, दशकांचे. २००९ मध्ये याच संशोधनावरून स्ट्रॅट-ओ-मॅटिकने त्या लीगमधील शंभराहून अधिक खेळाडूंचे पत्ते काढले. म्हणजे टेबलावरच्या खेळात गिब्सन आणि रूथ समोरासमोर आले, आणि अधिकृत दप्तर मात्र अजून मिटलेलेच होते!

ते उघडले २०२० च्या डिसेंबरात. १९२० ते १९४८ या काळातल्या सात कृष्णवर्णीय लीगना 'मोठ्या' लीगचा दर्जा मिळाला. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळण्यात आले. हजार वेळा फलंदाजीमागे ३६७ फटके ही टाय कॉबची सरासरी कित्येक दशके सर्वांत वर होती. तिच्याही वर आता गिब्सनचे नाव आहे : हजारी ३७२. विली मेज हा महान खेळाडू सतरा वर्षांचा असताना त्या लीगमध्ये खेळला होता. त्याचे तेव्हाचे १० फटकेही आता हिशेबात धरले गेले. तेव्हा तो ९३ वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात त्याने डोळे मिटले.

काही जाणकारांची तक्रार आहे, की त्या लीगचे मोसम लहान, नोंदी अपुऱ्या, मग तुलना सारखी कशी व्हावी? हा आक्षेप अगदीच खोटा नाही. सुमारे पाऊण भागच नोंदी हाती लागल्या आहेत. परंतु मोसम लहान का होते, नोंदी अपुऱ्या का राहिल्या, हेही त्याच श्वासात विचारले पाहिजे. ज्याला ओट्यावर चढू दिले नाही, त्याची उंची ओट्यावरून मोजून कसे चालेल?

तर मंडळी, फासे कितीही प्रामाणिक असले तरी ते लिहिलेल्या माणसालाच ओळखतात. तुमच्या गावातही जत्रेच्या फडात कोणी नामी कुस्ती मारली असेल, शाळेची एखादी मुलगी खो-खोत कोणाच्या हाती लागत नसेल. गुरुजी, शाळेत हजेरीपट आहे, तशी एक खेळाची वही घाला. तारीख, नाव, डाव, निकाल, एवढे पुरे. आणि नाव लिहिताना आळीआळीत भेद नको, मुलगा-मुलगी असा भेद नको. पन्नास वर्षांनी पारावर वाद निघेल, तेव्हा कोणीतरी ती वही उघडील आणि म्हणेल, "थांबा, हिचेही नाव घ्या."