अंड्याच्या कवचातील दप्तर

१/७
१९७० साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या अनाकापा बेटावर तपकिरी पेलिकनांनी ५५० हून अधिक घरटी केली. त्या हंगामात तेथे जगले ते अवघे एक पिल्लू. उबवणाऱ्या पक्ष्यांच्याच भाराखाली अंडी फुटत होती.

२/७
यामागे होते डीडीटी. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले होते. लॉस एंजेलिसजवळच्या माँट्रोज कारखान्याचे सांडपाणी गटारांवाटे समुद्रात जाई. तेथून विष माशांत आणि माशांतून पेलिकनांत पोहोचे.

३/७
डीडीटीपासून शरीरात डीडीई बनते. ते चरबीत साठते आणि कवच घडवणाऱ्या ग्रंथीतील कॅल्शियमच्या पुरवठ्यात अडथळा आणते. परिणामी कवच पातळ होते.

४/७
विणीच्या काळात हा साठा हलतो. बलक घडताना मादीच्या चरबीबरोबर विषही त्यात उतरते. अंडी घातल्यावर तिचा भार काहीसा कमी होतो, नराला मात्र ही वाट नाही. आईने टाकलेले ओझे पिल्लाच्या वाट्याला वारसा म्हणून येते.

५/७
उत्तरेकडील समुद्रांवरच्या ईडर बदकाची मादी उबवणीच्या सुमारे २५ दिवसांत जवळजवळ उपाशी असते. चरबी झिजते, तशी तीत दडलेली प्रदूषके रक्तात येतात. एकाच पक्ष्याचे रक्त हंगामाच्या आरंभी एक सांगते, अखेरीस दुसरे. तारीख नसलेल्या पत्राइतकाच तारीख नसलेला नमुनाही फसवा असतो.

६/७
जुना पुरावा मिळाला तो छांदिष्टांच्या कपाटांत. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील बहिरी ससाण्याची अंडी तपासून १९६७ मध्ये दाखवले, की कवचे १९४७ च्या सुमारास अचानक पातळ झाली. डीडीटीचा वापर पसरला तो हाच काळ. हौसेने जमवलेली अंडी अशी साक्षीदार ठरली.

७/७
१९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. पेलिकन हळूहळू सावरले आणि २००९ मध्ये संकटग्रस्त यादीतून बाहेर आले. कॅनडाने १९७४ पासून महासरोवरांवरील हेरिंग कुरवांची अंडी तपासण्याचा क्रम सुरू केला. तो इशारा आता दरवर्षी नोंदला जातो.