समुद्राचं गोडं पाणी आणि आपला जार

प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका दर्यावर्दी माणसाने विचारलं, की आम्ही समुद्रात जातो, सोबत पिण्याचं पाणी थोडंच असतं, त्यातूनच वजू करू लागलो तर तहानलेले राहू, मग समुद्राच्या पाण्याने वजू चालेल का? प्रेषितांनी सांगितलं, की समुद्राचं पाणी पाक आहे. म्हणजे जवळचं गोडं पाणी पिण्यासाठी राखता आलं.

पुढे अरब रसायनकारांनी ऊर्ध्वपातनाची कला खूप पुढे नेली. आपल्या मराठी-उर्दूतला ‘अर्क’ हा शब्द त्याच अरबीतून आला. मूळ अर्थ घाम. पाणी उकळलं की वाफ वर जाते, मीठ खाली राहतं आणि थंड झालेल्या भांड्याला घामासारखे थेंब फुटतात.

याच तत्त्वावर आगबोटींच्या काळात शहरांना पाणी मिळू लागलं. 1839 साली इंग्रजांनी घेतलेलं एडन अनेक दशकं मुंबई इलाख्यातून चालवलं जाई. तिथे पाऊस नावापुरताच, म्हणून जुन्या टाक्या आणि विहिरींच्या जोडीला समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारी यंत्रं बसवली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उस्मानी राजवटीने जेद्दा बंदरातही असं यंत्र आणलं. इंग्रजी ‘कंडेन्सर’चं लोकांनी ‘किंदासा’ केलं. पण त्याला कोळसा लागे. कोळसा संपला की पाणीही बंद.

आज सौदी अरेबिया असं पाणी तयार करण्यात जगात सर्वांत पुढे आहे. मक्केहून हाजी जमजम घेऊन येतात. पण तिथल्या नळाचं बरंचसं पाणी तांबड्या समुद्रावरच्या शुऐबा प्रकल्पातून येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे मुंबई महापालिकेनेही मनोरीला रोज 200 दशलक्ष लिटरचा प्रकल्प आखला आहे.

घाटनांदूरला समुद्र कुठला? 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो आपला मुलूख. तरीही हे तंत्र आपल्या गावांत पोचलं आहे. बोअरचं जड पाणी ‘आरओ’ पडद्यातून दाबाने ढकलायचं, क्षार मागे ठेवायचे, आणि जार भरायचा. समुद्रकाठच्या नव्या प्रकल्पांतही हेच होतं. तिथे हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते, आणि ओढलेल्या पाण्यातलं निम्म्याहून अधिक पाणी आणखी खारं होऊन परत समुद्रात जातं.

आपल्या जारमागेही असं टाकाऊ पाणी निघतं. त्याला समुद्र नाही, ते गटारात जातं. आणि ते निघतं त्याच भूगर्भातून, ज्याच्यावर जार विकत घेऊ न शकणाऱ्या घराचाही हक्क आहे. म्हणून जारवाल्याला भाव विचारताना उरलेलं पाणी कुठे सोडता, हेही विचारावं. फरशी धुवायला, संडासाला ते चालतं. त्या दर्यावर्दीने पिण्याचं पाणी आधी बाजूला काढलं आणि बाकीच्या कामाला दुसरं शोधलं. दुष्काळी गावाला पाण्याचा हाच हिशेब लागू पडतो.