बोरूची मोडी, शिशाची मोडी

जून-जुलैत मासेमारी बंद. धाकटी डहाणूत बोटी वर ओढल्या की मला काम लागतं: नाळेवर नाव काढायचं. हल्ली तरुण तांडेल मोबाइल पुढे करतात, "काका, असं वळणदार पायजे." पाहावं तर मोडी लिपीच्या धाटणीचा फाँट!

या किनाऱ्याला हे वळण नवं नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणूचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला, आणि इथला कारभार मोडीत लिहिला जाऊ लागला. मोडी लिहिण्याची रीत बघा. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगायची. बोरू होता होईल तो उचलायचा नाही. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरात शिरते. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची कटकट नाही. कारकुनाला घाई होती, आणि त्या घाईतूनच डौल आला. पेशवाईत चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी वळणं नावाजली होती. पुढे इंग्रजी अमलात बोरू जाऊन टाक आला आणि जाड-बारीक रेषेची मजा गेली. त्या काळातले बरेच कागद मला डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे वाटतात.

मोडीचे छपाईचे खिळेही पाडले गेले. विल्यम केरीचा मराठी कोश 1810 मध्ये श्रीरामपूरला मोडी खिळ्यांत छापला (बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे). पण शिशाचा खिळा सुटा. त्याला शेजाऱ्याच्या गळ्यात हात घालता येत नाही. 1831 चा मोल्सवर्थचा कोश बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत निघाला. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने पुढे बाळबोध इतकी देखणी केली की छापखान्यात मोडीची आठवणही कुणाला राहिली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती दप्तरातूनही उठली.

2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली. संगणकाला शिशाची अडचण नाही, अक्षरं जोडता येतात. लग्नपत्रिका, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांवर ती शोभते. नाळेवर मात्र फाँट जसाच्या तसा उतरवला की फसतो, कारण फळी वाकलेली असते. म्हणून मी खडूच्या दोरीने आधी शिरोरेघ मारतो, फळीच्या वळणानेच, आणि मग चपट्या ब्रशने एका दमात अक्षरं सोडतो. खाली तेच नाव बाळबोधीत, ठळक. समुद्रात नाव वाचता आलं पाहिजे.

वाचणं हीच खरी अडचण आहे. 2023 मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधताना मोडी जाणकारांची किती गरज पडली, ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या पेटीत आजोबांचे मोडी कागद असतील तर लॅमिनेशन करू नका. फोटो काढून ठेवा आणि जाणकाराकडून वाचून घ्या.